इंजिन होतं, मग शिडं कशाला? 'गॅनेट'च्या कारकिर्दीबद्दल

तुम्ही इंग्लंडमधल्या चॅटमच्या जुन्या गोदीत ब्रिटिश आरमाराचं जुनं लढाऊ जहाज 'एचएमएस गॅनेट' पाहून आलात आणि तुम्हाला दोन गोष्टी खटकल्या. अकराशे अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन बसवलेल्या जहाजावर तीन डोलकाठ्या आणि एवढी शिडं कशाला? जुन्या वळणाच्या ॲडमिरलांना शिडं सोडवत नव्हती म्हणून, असं तुम्ही वाचलंत. दुसरी शंका अशी की सुदानच्या सुआकिन बंदरातल्या लढाईचा एक महिना सोडला तर या जहाजाने काही केलेलं दिसत नाही, मग ते जपून ठेवण्यासारखं त्यात काय आहे?

मी मरीन इंजिनिअर. तीस वर्षं बोटीवर काढली, त्यातली पहिली काही वाफेच्या जहाजांवर. त्यामुळे मी इंजिन रूमच्या बाजूने उत्तर देतो. तिथून पाहिलं की तुमचे दोन्ही प्रश्न एकच होतात. या जहाजाने किती कोळसा उचलला आणि तो संपल्यावर पुढचा कुठे मिळणार होता, हा तो प्रश्न.

आधी नावाचा घोळ मिटवतो. 'गॅनेट' कागदोपत्री 'स्लूप'. तिच्याहून लहान ती 'गनव्हेसल' आणि त्याहून लहान ती 'गनबोट'. स्लूप आणि गनव्हेसलवर कमांडर हुद्द्याचा अधिकारी असे, गनबोटीवर लेफ्टनंट. पण घडण, रिगिंग आणि कामाची पद्धत या बाबतींत स्लूप आणि गनव्हेसल सख्ख्या बहिणी. म्हणून एकीबद्दल जे सांगतोय ते दुसरीलाही बहुतेक लागू होतं.

आता हिशेब. 'गॅनेट' १८७८ मध्ये शीअरनेसच्या गोदीत पाण्यात उतरली. लांबी १७० फूट, रुंदी ३६, वजन ११३० टनांच्या आसपास. तीन दंडगोल बॉयलर, दोन सिलिंडरांचं आडवं कंपाउंड (तीच वाफ दोनदा वापरणारं) इंजिन, एकच पंखा, म्हणजे प्रोपेलर. कोळसा सुमारे १५० टन. त्या काळच्या कंपाउंड इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण अडीच पाउंड कोळसा लागे. अकराशे अश्वशक्ती म्हणजे तासाला २७५० पाउंड, सव्वा टन धरा. दिवसाला तीस टन. पूर्ण जोरावर पाच दिवसांत बंकर, म्हणजे कोळशाची कोठारं, झाडून साफ! वेग उतरवून दहा नॉट्सवर (तासाला दहा सागरी मैल) आणला तरी पल्ला दीड हजार सागरी मैलांच्या आतच राहतो. शिवाय कुठलाही चीफ इंजिनिअर रिकामा बंकर घेऊन बंदरात शिरायचं ठरवून निघत नाही. उलटा वारा, धुकं, बंदराबाहेर नांगर टाकून थांबणं, या सगळ्यासाठी शिल्लक ठेवावी लागते. माझ्या पद्धतीने धरला तर तिचा खरा पल्ला हजार-अकराशे मैल.

हा आकडा हातात घेऊन नकाशा उघडा. १८७९ मध्ये तिची पहिली नेमणूक झाली पॅसिफिक तळावर. तळ म्हणजे इथे एक बंदर नव्हे, आरमाराच्या एका तुकडीला नेमून दिलेला अख्खा समुद्र. त्या तळाचं उत्तर टोक म्हणजे कॅनडाच्या किनाऱ्यावरचं एस्क्विमॉल्ट. तिथून चिलीतलं वॅल्पराइझो जवळजवळ सहा हजार सागरी मैल. सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलूच दोन हजारांच्या वर. कोळशाच्या खाणी होत्या, नाही असं नाही. एस्क्विमॉल्टजवळ नॅनायमोला होत्या, खाली चिलीत लोटाला होत्या. पण या दोन टोकांच्या मधल्या किनाऱ्यावर मिळायचा तो बहुतेक आणून साठवलेला, महाग कोळसा. पाच दिवसांची शिदोरी घेऊन महिनाभराच्या रस्त्याला निघायचं, असा तो मामला.

म्हणून लांबचा पल्ला शिडांवर. इंजिन लागायचं बंदरात शिरताना, वारा पडल्यावर, अरुंद खाडीत आणि लढाईत. चांगला वारा असला तर ही जहाजं इंजिनापेक्षा शिडांवर जोरात पळत. 'गॅनेट'चा इंजिनावरचा वेग बारा नॉट्सच्या आत, आणि शिडांवरचा पंधरापर्यंत सांगितला जातो. शिडांवर असताना पाण्यात लटकणारा पंखा नुसता ओढ लावतो. त्यामुळे अशा अनेक जहाजांत पंखा वर उचलून घ्यायची सोय असे आणि धुराडं दुर्बिणीच्या नळीसारखं आत सरकवता येई. 'अप फनेल, डाऊन स्क्रू' (धुराडं वर, पंखा खाली) ही त्या पिढीतल्या खलाशांच्या तोंडची रोजची ऑर्डर होती. तेवढं म्हटलं की समजायचं, आता वाफेवर जायचंय.

इथे एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. इंजिन 'चालू करणं' हा तेव्हा काही मिनिटांचा मामला नव्हता. मी फिफ्थ इंजिनिअर असताना थंड बॉयलर पेटवायची पाळी पहिल्यांदा माझ्यावर आली ती पहाटे तीनला. आमचा बॉयलर तेलावर चालणारा, कोळशाचा नव्हे, तरीही सेकंड इंजिनिअरने घड्याळ माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, दहा मिनिटं बर्नर चालू, वीस मिनिटं बंद, आणि हे मी सांगेपर्यंत. मधल्या वीस मिनिटांत बॉयलरच्या अंगाला हात लावत फिरायचं, कुठे गरम, कुठे गार. मला वाटलं होतं प्रेशर गेज बघायचा असतो. त्या रात्री कळलं की बघायचं असतं ते पोलाद, ते सगळीकडून सारखं फुगतंय का. 'गॅनेट'सारख्या जहाजातला दंडगोल बॉयलर याहून हट्टी. आत पाणी नीट फिरत नाही, वरचा भाग तापतो आणि बूड गारच राहतं. घाई केली की शिवणी आणि रिव्हेट ढिल्या पडतात. त्यामुळे थंडपासून वाफ करायला अर्धा दिवस, जमलं तर एक दिवस द्यायचा. आणि घाई लागेल अशी शंका असली तर आग न विझवता राखेखाली झाकून ठेवायची, म्हणजे कुठेही न जाता कोळसा जाळत बसायचं. वारा मात्र पेटवावा लागत नाही.

जुन्या वळणाच्या ॲडमिरलांचं काय, असं तुम्ही विचाराल. ते होते. शिडं उघडण्या-मिटण्याच्या कवायतीत जहाजा-जहाजांत चढाओढ लागे, आणि त्यावर कप्तानाची किंमत ठरे. मोठ्या चिलखती लढाऊ जहाजांवर, ज्यांना वारा धड हलवूही शकत नव्हता, तिथे शिडं ठेवण्याच्या हट्टाला हेच कारण होतं, आणि तिथे तुमच्या वाचनातला आरोप बरोबर आहे. पण तोच निकष लांबच्या तळावरच्या हजार टनी जहाजाला लावला की उत्तर चुकतं. शिडं हवीत की नकोत हे तीन गोष्टींवर ठरत असे: कुठला समुद्र, कुठलं साल आणि काय काम. भूमध्य समुद्रात माल्टा, अलेक्झांड्रिया अशी कोळशाची ठाणी जवळजवळ, तिथे शिडांची गरज कमी. पॅसिफिकमध्ये जास्त. १८७८ मध्ये उत्तर 'हवीत' होतं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तीच वाफ तीनदा वापरणारी ट्रिपल एक्स्पान्शन इंजिनं आली, त्याच कोळशात जास्त मैल मिळू लागले, ठाणी वाढली, आणि उत्तर हळूहळू 'नकोत' झालं. आणि त्या ठाण्यांवर साठवलेला वेल्सचा कोळसा कितीतरी वर्षं तिथे पोचवत होती ती शिडाचीच मालवाहू जहाजं.

शिडं सोडायला झालेला उशीर किती महागात पडला त्याचंही उदाहरण देतो, कारण इथे नावांचा मोठा सापळा आहे. 'कॉन्डर' नावाची गनव्हेसल १८७६ ची. ११ जुलै १८८२ ला ब्रिटिश आरमाराने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियावर तोफांचा मारा केला तेव्हा लॉर्ड चार्ल्स बेरेस्फर्डने तिला माराबूच्या किल्ल्याच्या अगदी जवळ नेलं, आणि ॲडमिरल सीमूरने 'शाब्बास, कॉन्डर' असा संदेश झेंड्यांनी फडकवला. यानंतर १८९८ मध्ये त्याच नावाचं दुसरं जहाज आलं, स्लूप, पूर्ण शिडांचं. ते डिसेंबर १९०१ च्या सुरुवातीला एस्क्विमॉल्टहून निघालं, वादळात सापडलं आणि सगळ्या माणसांसह नाहीसं झालं. त्यानंतर लहान जहाजांवरून शिडं उतरवण्याच्या बाजूचं पारडं जड झालं. कित्येकजण या दोन 'कॉन्डर' एकच धरून एकीची कारकीर्द दुसरीला चिकटवतात. जहाजाचा इतिहास शोधताना नाव कधी एकटं घेऊ नका, पाण्यात उतरल्याचं साल बरोबर घ्या.

'गॅनेट'च्या सख्ख्या बहिणीबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. या वर्गाला जिच्यावरून नाव पडलं ती 'डॉटरेल' याच पॅसिफिक तळाकडे निघाली होती. २६ एप्रिल १८८१ ला मॅगेलनच्या सामुद्रधुनीत पुंता अरेनासला ती नांगर टाकून उभी असताना स्फोट झाला. १४३ माणसं गेली, बारा वाचली. आधी संशय कोळशावर आला, बंकरमध्ये साठलेला वायू पेटला असं धरलं गेलं. त्याच वर्षी 'ट्रायम्फ' जहाजावर छोटा स्फोट झाला आणि मग खरा गुन्हेगार सापडला: रंग लवकर वाळावा म्हणून त्यात घालायचं 'झेरोटाइन सिकेटिव्ह' नावाचं द्रव्य. त्याची वाफ खालच्या भागात साठून पेटत होती.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण ती वाफ मी ओळखतो. एका जहाजावर बॅलास्ट टाकीला (तोल राखायला पाणी भरतात ती) रंग दिल्यानंतर दोन दिवसांनी आमचा एक फिटर मोजपट्टी घेऊन आत उतरला. हवा तपासली नव्हती, कारण टाकी 'सुकली' असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तो तिसऱ्या पायरीवर बसला आणि उठलाच नाही. दोर बांधून वर काढला, नशिबाने वाचला. ठिणगी पडली असती तर हे लिहायला मी नसतो. हल्ली बंद जागेत जाण्याआधी गॅस मीटर लावतात, परवाना लिहितात, आणि नव्या पोरांना तो कागदी त्रास वाटतो. तो कागद अशा स्फोटांतून आलाय.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तिने केलं काय. पॅसिफिकवर १८७९ ते १८८३. त्याच काळात चिली, पेरू आणि बोलिव्हियाचं युद्ध चालू होतं, आणि तिचं काम होतं किनाऱ्यावरून ते पाहणं आणि ब्रिटिश व्यापाराला हात लागत नाही ना हे बघणं. मग दुरुस्ती. १८८५ पासून भूमध्य आणि तांबडा समुद्र, तिथे गुलामांची वाहतूक करणाऱ्या गलबतांवर पाळत. १८८८ मध्ये सुआकिन. त्यानंतर १८९५ पर्यंत समुद्राची मोजणी: खोली, खडक, किनारा, नकाशे. तोफेचा आवाज या सतरा वर्षांत फारच थोडा. पण असल्या जहाजाचं काम तेच होतं. साम्राज्याचा पहारा म्हणजे बहुतांश नुसतं दिसणं. एका बंदरात झेंडा दाखवायचा, कॉन्सलला, म्हणजे ब्रिटनच्या तिथल्या प्रतिनिधीला, भेटायचं, निघायचं. हे कौतुकाने सांगत नाही. ज्यांच्यावर तो पहारा होता त्यांच्यात आपणही होतो, आणि हे लक्षात ठेवूनच हे जहाज बघायला हवं.

सुआकिनचं थोडं जास्त सांगतो, कारण तिथे आपला धागा आहे. सुदानच्या किनाऱ्यावरचं हे बंदर, उस्मान दिग्नाच्या महदी सैन्याने (महदी या सुदानी धर्मनेत्याच्या अनुयायांनी) वेढलेलं. तीन वर्षं आधी, मार्च १८८५ मध्ये, याच सुआकिनच्या बाहेर तोफ्रेकला झालेल्या लढाईत हिंदुस्थानातून नेलेल्या पलटणींत २८ वी बॉम्बे पायदळ पलटण होती. १८८८ च्या सप्टेंबरात 'गॅनेट' तिथे 'डॉल्फिन' या जहाजाच्या जागी आली आणि महिनाभर बंदरात उभी राहून तिने वेढा घालणाऱ्यांवर तोफा चालवल्या. मोठ्या तोफांचे सुमारे दोनशे गोळे, नॉर्डेनफेल्टच्या हजारावर फैरी. नॉर्डेनफेल्ट म्हणजे शेजारी शेजारी लावलेल्या नळ्यांची, हाताने दांडा पुढे-मागे करून चालवायची तोफ. आता पुन्हा कोळशाचा विचार करा. महिनाभर एका जागी, आग झाकून ठेवलेली, नांगर उचलावा लागला तर लगेच वाफ हवी. माझ्या डोळ्यांसमोर त्या बॉयलर रूमचा सप्टेंबर येतो. तांबड्या समुद्रात मी सप्टेंबरात गेलोय. समुद्राचं पाणीच तीस अंशांच्या वर, वाफेचं पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर नीट काम करत नाही, आणि आमच्याकडे निदान हवेचे पंखे होते. फावडं मारणारा स्टोकर तिथे कसा उभा राहिला असेल ते मला कळत नाही.

आणि ती जपण्यासारखी का? कारण तिची घडण. हा भाग मला सर्वांत आवडतो. तिचा सांगाडा लोखंडी, पण अंगावरच्या फळ्या सागाच्या, पाण्याखाली त्यांवर तांब्याचे पत्रे. याला 'कॉम्पोझिट' म्हणत. तुम्हाला वाटेल, सगळं लोखंडाचं का नाही केलं? उष्ण समुद्रात लोखंडी तळाला काही महिन्यांत शेवाळ आणि शिंपले चिकटतात, वेग निम्म्यावर येतो, आणि लांबच्या तळावर घासून काढायला ड्राय डॉक नसते. तांबं लावलं की काही चिकटत नाही. पण खाऱ्या पाण्यात तांबं लोखंडाला टेकलं की लोखंड सडू लागतं, बॅटरीच तयार होते ती. म्हणून मध्ये लाकूड. आणि लाकूड ओकाचं का नाही? ओकातलं आम्ल लोखंडाचे खिळे-बोल्ट खातं. सागात तेल असतं, ते लोखंडाला सांभाळतं, आणि लाकूड पोखरणारे किडेही त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. शिडांमागे जो विचार होता तोच इथेही आहे: जवळ गोदी नाही, कोळसा नाही, मदत नाही, तरी वर्षानुवर्षं काम करणारं जहाज.

या सागामुळेच ती टिकली, एरवी कधीच भंगारात गेली असती. १८९५ नंतर आरमाराला तिचा उपयोग उरला नव्हता. १९०० मध्ये एका रेल्वे कंपनीला ती माणसं राहण्यासाठी भाड्याने दिली. १९०३ मध्ये राखीव नौसैनिकांच्या कवायतीसाठी लंडनच्या गोदीत आणली आणि नाव बदलून 'प्रेसिडेंट' ठेवलं. नाव बदललं की जुन्या नोंदींत जहाज 'नाहीसं' होतं, हा दुसरा सापळा. मग १९१३ मध्ये ती सी. बी. फ्राय यांच्याकडे गेली. हो, तेच फ्राय, ससेक्सकडून रणजींबरोबर क्रिकेट खेळणारे. हँबल नदीकाठी मुलांना समुद्राच्या कामासाठी तयार करणारी 'मर्क्युरी' ही शाळा ते आणि त्यांच्या पत्नी बिॲट्रिस चालवत, आणि 'गॅनेट' झाली त्या मुलांची झोपायची जागा. १९६८ मध्ये शाळा बंद होईपर्यंत मुलं तिच्यात झोपत होती. म्हणजे लढाऊ जहाज म्हणून सोळा-सतरा वर्षं आणि वसतिगृह म्हणून पन्नासच्या वर. १९८७ मध्ये ती चॅटमला आली, आणि तिला १८८८ चं, सुआकिनच्या साली दिसत होतं तसं रूप दिलं.

तुम्ही शेवटी विचारलंत की उत्तरेला हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' बघायला जावं का, लांब आहे. जा. ते जहाज १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईत पाण्यात उतरलं, जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेलं, संपूर्ण सागाचं, आणि अजून पाण्यावर तरंगतंय. तेही नाव बदलून 'फूद्रोयाँ' झालं, तेही मुलांचं प्रशिक्षण जहाज झालं, आणि त्यामुळेच वाचलं. 'गॅनेट'हून साठ वर्षं मोठं आणि त्यात इंजिन नाही. तिथे खालच्या डेकवर गेलात की जहाजाच्या बाजूच्या फळ्यांवर हात ठेवा, मग चॅटमला पुन्हा जाऊन 'गॅनेट'च्या लोखंडी फासळीवर बसवलेल्या फळीवर ठेवा. लाकूड एकाच जातीचं आहे, फक्त त्याला आतून धरणारा सांगाडा बदललाय. फोटो काढलेत तर मला पाठवा. फासळी आणि फळी जिथे भेटतात तो बोल्टाचा जोड दिसेल असा काढा, तो मी अजून स्वतः जवळून पाहिलेला नाही.